श्रीमंत थॉमसराव लँकेस्टरकर यांस अनावृत पत्र

श्रीमंत थॉमसराव, अर्ल ऑफ लँकेस्टर, यांचे सेवेशी
कृ. सा. न. वि. वि.

मायन्यातले ‘राजमान्य’ मुद्दाम गाळले आहे. आपले आणि राजाचे कसे होते ते जगजाहीर आहे.

इंग्लंडातल्या क्रास्टर गावापासून मेंढ्या चुकवत किनाऱ्याने उत्तरेकडे चालत गेले की आपला डन्स्टनबर्ग किल्ला दिसतो. 1312 साली आपण इतर सरदारांसह राजाचा लाडका पिअर्स गॅव्हेस्टन संपवलात आणि पुढच्याच वर्षी इथे पाया खणायला घेतलात. चुलतभाऊ एडवर्ड गादीवर दात-ओठ खात असताना माणसाने राज्याच्या पार टोकाला घर बांधावे, याला दूरदृष्टी म्हणतात.

आणि बांधलेत तरी कसे! भलामोठा घेर. जमिनीच्या बाजूंना मुद्दाम केलेले तलाव, म्हणजे येणाऱ्याला किल्ला पाण्यात उभा दिसावा. काकांनी वेल्समध्ये हार्लेखला जो दरवाजा उभारला, त्याच्या तोडीचा दरवाजा आपल्याला हवा होता. दोन गोल बुरुजांचा तो दांडगा दरवाजा आजही मान वर करायला लावतो. आत मात्र बरीचशी मोकळी जागाच. तटबंदीचा राजपरवाना काम सुरू होऊन दोन-तीन वर्षे लोटल्यावर आला. आधी बांधावे, मग परवानगी काढावी, ही आपली पद्धत आमच्या महापालिकांच्या हद्दीत अजून निष्ठेने पाळली जाते.

मग 1322 उजाडले. स्कॉटांशी चाललेल्या गुप्त पत्रव्यवहारात आपले टोपणनाव होते ‘किंग आर्थर’. विनयाची कमाल झाली. आपले बंड मोडायला राजाची फौज पाठीस लागली तेव्हा सोबती म्हणाले, डन्स्टनबर्ग गाठू. आपण अडून बसलात: तिकडे गेलो तर स्कॉटांना मिळालो असे लोक म्हणतील! अखेर सोबत्यांपैकी रॉजर क्लिफर्डने तलवार उपसली तेव्हा आपण हललात, असे त्या काळची बखर सांगते. 16 मार्चला बरोब्रिजचा पूल राजाच्या बाजूच्या अँड्र्यू हार्क्लेने अडवून धरला होता; तिथेच आपण पकडले गेलात. सहा दिवसांनी पाँटेफ्रॅक्टला, आपल्याच वाड्यात, आपल्याला एक शब्द बोलू न देता खटला उरकला. राजरक्ताचा मान राखून फाशी माफ झाली, नुसते शिर उडवले.

पुढे आपल्या समाधीपाशी चमत्कार होऊ लागले, संतपदासाठी पोपकडे अर्जही गेले. मंजुरी आली नाही.

किल्ल्याचे म्हणाल तर, नंतरचा मालक जॉन ऑफ गाँट याने तो लाडका दरवाजा चक्क भिंत घालून बुजवला, त्याचा राहता वाडा केला आणि नवी वाट शेजारून काढली. गुलाबांच्या युद्धांत 1462 आणि 1464 ला वेढे पडले. त्यानंतर डागडुजीला वाली उरला नाही. चित्रकार टर्नर चित्रे काढायला आला तोवर काढण्याजोगी पडझड तयार होती.

सध्या मालकी नॅशनल ट्रस्टची, देखभाल इंग्लिश हेरिटेजची, शेजारी गोल्फचे मैदान. आपला तिथे मुक्काम फारसा घडलाच नाही, असे जाणकार म्हणतात. यायचे मनात असल्यास तिकिटाचे पैसे जवळ ठेवावेत. बांधणाऱ्याला सवलत असल्याचे ऐकिवात नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक दुर्गप्रेमी