फुकटचं पुस्तक, पानाला दोन रुपये

कॉलेजातून पाठ्यपुस्तकं हद्दपार करून त्यांच्या जागी खुली शैक्षणिक संसाधनं, म्हणजे कुणालाही फुकट वापरता-बदलता येणारं साहित्य, आणायची, असा विचार हल्ली परिसंवादांतून जोरात मांडला जातो. बदलापुरातल्या आमच्या खरवईत त्याने कुणाची झोप उडालेली नाही. हद्दपार करायला आधी ते पाठ्यपुस्तक गावात तरी असावं लागतं. बदलापूर पूर्वेपासून उल्हासनगरच्या कॅम्पांपर्यंत बी.कॉम.ला बसलेलं आणि पुस्तक विकत घेतलेलं एक पोरगं दाखवा, भर नाक्यावर सत्कार करू. शाल-श्रीफळ आमच्याकडून, त्याने फक्त येताना पुस्तक आणावं, लोकांना बघायला.

इकडचं विद्यापीठ झेरॉक्सच्या दुकानात भरतं. परीक्षेच्या आठवड्यात काउंटरला खांद्याला खांदा. "काका, युनिट दोन, बॅक टू बॅक, स्पायरल मारून." काका मान वर करत नाहीत, कुठल्या सरांच्या नोट्स, हे त्यांना पोराच्या चेहऱ्यावरून कळतं. मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणाच्या पीडीएफही तिथेच निघतात. रोज वर्गात बसणारी पोरं घरी बसून शिकणाऱ्यांचं साहित्य वाचून पास होतात, यावर कुणी पीएचडी करायला हरकत नाही. भिंतीवर पाटी आहे : 'मायक्रो झेरॉक्स मिळणार नाही'. मिळते. पाटीखालीच मिळते.

यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या बड्या प्रकाशकांनी दावा लावला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्यापुरत्या केलेल्या प्रतींच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. आमच्या काकांना हा निकाल ठाऊक नाही. ते त्याच्या आधीपासून त्याची अंमलबजावणी करत आहेत.

आता खरोखरच्या खुल्या पुस्तकाकडे येऊ. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा 'ओपनस्टॅक्स' हा उपक्रम कॉलेजची पुस्तकं फुकट देतो. त्यात अकाउंटिंगही आहे, आणि त्याच्यावर चक्क लिहिलंय : प्रती काढा, बदल करा, वाटा; फक्त त्यावर धंदा करू नका. उल्हासनगरच्या वेशीपर्यंत हे पुस्तक छान येतं आणि या शेवटच्या अटीपाशी अडतं. जीन्सपासून फर्निचरपर्यंत जगातल्या कुठल्याही मालाची जुळी काढून त्यावर अभिमानाने 'मेड इन यूएसए' लिहिणारं, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन म्हणून सांगणारं, हे शहर. मालकाने न सांगता इथल्या लोकांनी सगळ्याची कॉपी केली. जिथे मालक हात जोडून 'कॉपी करा' म्हणतोय, तिथे मात्र कुणी फिरकत नाही. नफाच नाही तर मजा काय!

एका भाच्याने ते पुस्तक उतरवून घेतलं. हजाराच्या वर पानं. मोबाइलवर वाचून डोळे भरून आले, म्हणून छापायला नेलं. काकांनी पानाला दोन रुपये सांगितले. फुकटचं पुस्तक दोन हजारांच्या पुढे गेलं. शिवाय आत सगळा हिशेब डॉलरात, नियम अमेरिकेचे, आणि जीएसटीचा पत्ता नाही. परीक्षेत मात्र जीएसटी असतो.

सरकार मागे आहे असं नाही. 'स्वयम्' हा त्याचा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच २०१७ पासून सुरू आहे आणि २०२१ च्या यूजीसी नियमांनी त्यावरून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घ्यायची मुभा दिली आहे. लोकलमध्ये बसून शिका, असं एक तज्ज्ञ म्हणाले. ते बहुधा विमानाने आले असावेत. सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये 'बसून' हा पहिला विनोद. खिशातून मोबाइल काढायला हात लागतो आणि अंबरनाथनंतर आपला हात कुठे आहे याची आपल्यालाही खात्री नसते.

खरं काम अगदी सरळ आहे. कुणीतरी ते परवाना दिलेलं पुस्तक घ्यावं, डॉलरचे रुपये करावेत, जीएसटी आणि २०१३ चा कंपनी कायदा घालावा, मराठीत आणावं आणि पुन्हा खुलं सोडावं. परवान्यातला 'बदल करा' हा शब्द त्यासाठीच आहे. आतापर्यंत आमच्याकडे या तरतुदीचा एकच उपयोग झालाय : अक्षरं लहान करून पान मुठीत मावेल असं करणं. हे काम प्राध्यापकांनी का करावं? यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत बढतीसाठी पुस्तकाच्या अनुवादाला ८ गुण, आणि राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या स्वतःच्या पुस्तकाला १०. दोन गुणांचं नुकसान, वर रॉयल्टी बुडाली. त्यापेक्षा खुल्या संसाधनांवर परिसंवाद घेतलेला परवडतो. चहा-समोसा असतो, प्रमाणपत्र मिळतं.

मी काकांना विचारलं, मराठीत असं पुस्तक झालं तर दुकानात ठेवाल का?

"ठेवतो की," काका म्हणाले, "पण त्यातले आयएमपी आधी वेगळे काढून द्या. अख्खं कोण नेणार?"