अट फुकटात मोडणाऱ्यांस

'स्प्लॅश, टू'च्या कर्त्याकरवित्यांस,


आपला हा दोन भागांचा पराक्रम अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 1988 सालच्या मे महिन्यात, 1 आणि 8 तारखेला, लागोपाठच्या दोन रविवारी दाखवला गेला. (पहिला रविवार नेमका महाराष्ट्र दिनी आला, त्याचा दोष मी आपल्याला देत नाही.) प्रकरण जुनं आहे, पण आपण कुणाचं काय नेलंत याची नोंद कुठेतरी असावी, म्हणून हे पत्र.

आधी आपण कशाला हात लावलात ते पाहू. मूळ 'स्प्लॅश' 1984 चा. दिग्दर्शक रॉन हॉवर्ड, ॲलनच्या भूमिकेत टॉम हँक्स आणि मॅडिसनच्या भूमिकेत डॅरिल हॅना. ॲलन न्यूयॉर्कमधला फळं-भाजीपाल्याचा घाऊक व्यापारी. प्रेमात दरवेळी फसणारा, आणि पोहायला न येणारा. त्याच्यासाठी एक मत्स्यकन्या समुद्रातून वर येते. अंग कोरडं असेपर्यंत तिला पाय, पाणी लागलं की शेपटी. ती दुकानातल्या टीव्हीसमोर एक दुपार बसून इंग्रजी शिकते आणि हॉटेलात शेवंड कवचासकट चावून खाते. खरं नाव सांग म्हटल्यावर तिनं ते आपल्या भाषेत सांगितलं, तर दुकानातल्या टीव्हींच्या काचा फुटल्या. चित्रपटाच्या शेवटी सैनिक पाठलागावर आहेत आणि धक्क्यावर ती त्याला बजावते, माझ्याबरोबर आलास तर पुन्हा कधीच परतता येणार नाही. ती पाण्यात जाते. त्या न पोहणाऱ्या माणसाचा भाऊ, धंदा, शहर, सगळं काठावर राहतं आणि तो उडी मारतो.

पाण्यातून आलेली बायको अट घालते, हे आम्हाला नवं नाही. आम्ही शंतनूच्या गोष्टीवर वाढलो. मी काहीही केलं तरी विचारायचं नाही, असं गंगेनं त्याला सांगितलं होतं. सात मुलं नदीत सोडली गेली तोवर राजा गप्प राहिला. आठव्या वेळी तोंड उघडलं आणि बायको गेली. पुरूरवा-उर्वशीचंही तेच: अट मोडली, अप्सरा निघून गेली, राजा वेड्यासारखा रानोमाळ फिरला. अट मोडायचीच नाही, असं आमचं म्हणणं नाही. ती मोडल्यावर जे गमवावं लागतं तीच तर गोष्ट असते.

आपण काय केलंत? ॲलन आणि मॅडिसन एका निर्जन बेटावर सुखानं राहताहेत. बेटावर! मूळ चित्रपट संपताना ही जोडी समुद्रतळाच्या नगरीकडे पोहत गेलेली आम्ही पाहिली होती. तिथे जागा मिळाली नसावी. मग ॲलनला कंटाळा येतो, भावाचा धंदा अडचणीत सापडतो आणि दोघं न्यूयॉर्कला परत येतात. इतकं सोपं. तिचं काही हरपत नाही, त्याचं काही जात नाही, आणि कधीच परतता येणार नाही असं कुणी म्हणालं होतं, याची कुणी आठवणही काढत नाही. अहो, परतायचंच होतं तर परतू द्यायचं, पण काहीतरी घेऊन. तिचा समुद्र तरी काढून घ्यायचा, नाहीतर त्याची ओळख. शेजारच्या गल्लीतून दूध घेऊन आल्यासारखी ती अट ओलांडलीत.

त्यानंतर मॅडिसनला उपनगरात घर मिळतं आणि ती गृहिणी होते. शिवाय कैदेतला एक डॉल्फिन आहे, त्याला सोडवायचं आहे. डॉल्फिनबद्दल मला राग नाही. तिथल्या पात्रांत त्यालाच निघून जायची खरी घाई आहे.

आता नटांचं. हँक्स नाही, हॅना नाही, भाऊ फ्रेडी झालेला जॉन कँडी नाही. त्यांच्या जागी टॉड वेअरिंग, एमी यासबेक आणि डोनोव्हन स्कॉट. या तिघांना मी बोल लावणार नाही; दुसऱ्याच्या मापाचे कपडे घालून त्यांना उभं केलं गेलं. मालिकेत मध्येच नायक बदलला की आमच्याकडे प्रेक्षक महिनाभर कुरकुरतात आणि मग सवय करून घेतात. आपण तो महिनाही दिला नाहीत. मूळ संचातली एकच व्यक्ती परतली: सेक्रेटरी मिसेस स्टिमलर, म्हणजे डोडी गुडमन. पहिल्या चित्रपटात हे पात्र अंगावर वीज पडल्यापासून जरा सैरभैर असतं. बोलावणं आल्यावर हो म्हणणारं नेमकं तेच निघावं, यात मला न्याय दिसतो. आणि हँक्स त्या वेळी कुठे होता म्हणाल, तर महिनाभरानं, 3 जूनला, त्याचा 'बिग' लागला आणि त्यासाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं.

हे असं का झालं, तेही फारसं गूढ नाही. 'स्प्लॅश'ची मत्स्यकन्या डिस्नेच्या नावाखाली दाखवायला जरा जास्तच मोठी झालेली होती, म्हणून कंपनीनं तिच्यासाठी टचस्टोन ही वेगळी पाटी लावली. 'स्प्लॅश' हा त्या पाटीचा पहिला चित्रपट. चार वर्षांनी तिलाच धुऊनपुसून त्याच डिस्नेच्या रविवारच्या कौटुंबिक कार्यक्रमात बसवलं गेलं. चित्रीकरण झालं फ्लोरिडातल्या नव्या डिस्ने-एमजीएम स्टुडिओत, आणि तिथे चित्रित झालेला हा पहिलाच चित्रपट. नवी वास्तू, ओळखीचं नाव, भरायचे दोन रविवार. गोष्ट सोडून सगळं जमलेलं होतं. ज्या टीव्हीच्या काचा मॅडिसननं फोडल्या होत्या, त्यानं अखेर सूड उगवला.

पुन्हा यायचंच झालं तर कसं, याचा नमुना आपल्याच घरात होता. 1961 च्या 'द पेरेंट ट्रॅप'चा दुसरा भाग डिस्ने चॅनलनं 1986 मध्ये काढला, तेव्हा जुळ्या बहिणींच्या दुहेरी भूमिकेत हेली मिल्स स्वतः परतली. तो भाग थोर नव्हता, पण चेहरा तरी खरा होता.

2016 मध्ये 'स्प्लॅश'च्या नव्या आवृत्तीची घोषणा झाली होती. त्यात पाण्यातून पुरुष येणार होता, चॅनिंग टेटम. तो चित्रपट अजून आलेला नाही. आलाच, तर करणाऱ्यांना विनंती आहे की त्या जलपुरुषानं काठावर जी अट घातली असेल, ती पाळा. नाहीतर मोडून तिची पुरती किंमत वसूल करा. आणि वाचकहो, तुम्ही 1984 चाच पाहा. ॲलननं उडी मारली की टीव्ही बंद करा.

आपला,
एक प्रेक्षक