दुपारच्या चहाचा सातबारा

दुपारचा चहा नेमका कुणाच्या नावावर आहे, याची एकदा रीतसर मोजणी व्हायला हवी. सध्या वहिवाट दिसते ती ऐतिहासिक हॉटेलांची. कोलंबोचं १८६४ सालचं गॉल फेस, सिंगापूरचं १८८७ सालचं रॅफल्स आणि मुंबईचं १९०३ सालचं ताजमहाल या तिघांनी उष्ण कटिबंधातली चारची वेळ आपल्या कुंपणात ओढून घेतली आहे. ताजच्या सी लाउंजमध्ये खिडकीशी बसायचं, समोर गेटवे, पुढ्यात कडा कापलेले काकडीचे सँडविच आणि शेवटी हजारांतलं बिल, याला आपण दुपारचा चहा म्हणतो. माझी हरकत आहे. उष्ण मुलखातल्या दुपारच्या गरम चहाची मूळ मालकी बारामती तालुक्यातल्या वडगाव निंबाळकरची, म्हणजे तिथल्या रस्त्याकडेच्या टपरीची आहे. हे गावाभिमानाने म्हणत नाही; कागद तेच सांगतात.

पहिला कागद विलायतेचा. १८४० च्या सुमारास बेडफर्डची डचेस ॲना हिने ही प्रथा पाडली असं सांगतात. दुपारचं जेवण हलकं, रात्रीचं आठ-नऊशिवाय नाही, आणि मधे चारच्या सुमाराला पोटात कावळे. म्हणजे या राजेशाही विधीच्या मुळाशी साधी भूक आहे. आता वडगावचा दिवस पाहा. भाकरी खाऊन बारा वाजताच माणूस मोकळा, मग उसाला पाणी, संध्याकाळी धारा, डेअरीला दूध, आणि त्यानंतर जेवण. चार वाजता दोघांची अवस्था एकच. डचेसला धारा काढायच्या नसत, एवढाच फरक. शिवाय आपली हॉटेलं ज्याला मोठ्या ऐटीत ‘हाय टी’ म्हणतात, तो विलायतेत मुळात कामकऱ्यांचा संध्याकाळचा भरपेट आहार होता. तो उंच मेजावर मांडत म्हणून ‘हाय’, अशी एक व्युत्पत्ती आहे. तेव्हा नावातला उंचपणा मेजाचा, माणसाचा नव्हे. आणि टपरीवरच्या बाकड्याचा दावा इथेच निम्मा सिद्ध होतो.

दुसरा पुरावा घामाचा. उकाड्यात गरम चहा प्यायल्याने गार वाटतं, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांचं म्हणणं तरुण मंडळी हसण्यावारी नेतात. पण कॅनडातल्या ओटावा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली माणसांना सायकल मारायला लावून गरम आणि गार पाणी पाजून पाहिलं, तेव्हा गरम पिणाऱ्यांच्या शरीरात उष्णता कमी साठली. कारण सरळ आहे: गरम घोटाने घाम जास्त सुटतो आणि तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. अट एकच, घाम वाळला पाहिजे. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, तो सदऱ्यावर मुक्कामाला येतो; म्हणून तिथे गरम चहाच्या जोडीला वातानुकूलन लागतं. बारामती पडली पर्जन्यछायेत. तिथली एप्रिलची कोरडी हवा घामाला थांबूच देत नाही. कुणी म्हणेल, प्रयोग सायकलवरच्या माणसांचा होता आणि त्यांनी चहा नव्हे, नुसतं पाणी प्यायलं. मान्य. पण कॅरिअरला चाऱ्याचा भारा बांधून टपरीवर येणारा माणूस या प्रयोगात बसतो, लिफ्टने वर येणारा नाही. आणि दूध-साखर लांब ठेवलेल्या फुळकवणी चहाच्या कैवाऱ्यांनी पाणी आणि चहा यांतल्या फरकावर फार बोलू नये.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे इतिहासाचा. ताजच्या उभारणीत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या मराठी वास्तुविशारदाचा हात होता, याचा अभिमान आहेच. पण वय काढायचं, तर वडगावला पाणी देणारा नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराचा, म्हणजे ताजहून अठराएक वर्षांनी वडील. शिवाय हॉटेलाला समोरच्या गेटवेसाठी १९२४ पर्यंत वाट पाहावी लागली. वडगावला पाण्याचा देखावा त्याच्या कितीतरी आधी मिळाला, आणि त्यावर ऊसही पिकला. त्या उसाची साखर जवळच सोमेश्वरनगरला होते. हॉटेलात साखर चौकोनी ठोकळे करून वेगळ्या भांड्यात ठेवतात, जणू तिच्यावर काही संशय आहे. टपरीवर ती पहिल्यापासून पातेल्यात असते, आलं आणि पत्तीबरोबर उकळते, दुधाबरोबर वर येते. जिथली साखर, तिथला हक्क, एवढं तरी कुठलाही तलाठी मान्य करील.

राहिला आरामाचा मुद्दा. हॉटेलात निवांत बसता येतं, आणि खरं तर तिथे विकतात ते बसणंच, चहा निमित्तमात्र. मुंबईतल्या कितीतरी घरांनी सी लाउंजमध्ये मुलगी-मुलगा दाखवण्याचे कार्यक्रम उरकले, ते काही स्कोनच्या ओढीने नव्हे. पण बसणं हाच माल असेल, तर टपरीइतका स्वस्त भाव कुठेही नाही. एका कटिंगवर उसाचा दर, पाण्याची पाळी आणि तिसऱ्याच्या घरची सोयरीक एवढं सगळं उरकतं, आणि ‘आणखी काही घेणार का’ असं विचारून कुणी उठवत नाही. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी: कालव्याच्या पाण्याने आणि उसाच्या फडांनी वडगावची हवाही पूर्वीइतकी कोरडी ठेवलेली नाही, म्हणजे ज्या साखरेने आपला दावा बळकट केला तिनेच घामाचा पुरावा थोडा ओला केला. तरी निकाल बदलत नाही. कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याला दिली. त्याच न्यायाने दुपारचा चहा घाम गाळणाऱ्याच्या नावे चढवावा. हॉटेलांची नोंद ‘इतर हक्क’ या रकान्यात राहू द्यावी. तिथे साधारणपणे कर्जाचा बोजा लिहितात, आणि बिल पाहिलेल्या कुणालाही ती जागा योग्यच वाटेल.