लाकूड गेलंय, वहिनी

लॅपटॉपची रॅम गेली तर घरात कुणी काही बोलत नाही. हार्ड डिस्क गेली तर सगळे मान हलवतात, ‘बॅकअप होता का?’ एवढं विचारतात आणि चहाला लागतात. पण बिजागरी गेली की घराला, मजल्याला आणि अख्ख्या इमारतीला कंठ फुटतो. त्या यंत्रात सगळ्यांना कळण्यासारखी तेवढी एकच गोष्ट असते. प्रोसेसर कुणी पाहिलेला नसतो. दार मात्र प्रत्येकाने उघडलेलं असतं.

माझा लॅपटॉप म्हातारा आहे आणि तो म्हातारा असणं ही माझी व्यावसायिक गरज आहे. डोंबिवलीत घरी बसून मी अक्षरजुळणी करते. एरवी लग्नपत्रिका, सोसायटीचे वार्षिक अहवाल, श्रद्धांजलीची पत्रकं. पावसाळा सरत आला की दिवाळी अंक. का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हा खिळे जुळवणारी माणसं होती, आता पेजमेकर आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 सालची. तिच्यावर बसणारे आमचे जुने फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. ते नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की कवितेच्या जागी डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हं उमटतात. (एका नवकवीच्या बाबतीत हे चार ओळींपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं, पण तो विषय वेगळा.) तेव्हा ‘आई, नवा घे ना’ हे लेकीचं वाक्य मी दर दिवाळीला ऐकते आणि दर दिवाळीला फेटाळते.

तर ऐन अंकाच्या दिवसांत पडदा उघडताना ‘कट्’ असा आवाज आला. उजव्या खालच्या कोपऱ्यात पडद्याची काळी चौकट पाठीपासून सुटली आणि आत अंधारी फट दिसू लागली. उघडताना फट वाढायची, मिटताना त्याहून वाढायची. पडदा एका विशिष्ट कोनाच्या पलीकडे गेला की चित्र थरथरायचं, कारण पडद्याला चित्र पुरवणारी केबल बिजागरीजवळूनच वर जाते. वायफायच्या तारासुद्धा तिथूनच. अँटेना पडद्याच्या चौकटीत दडवलेला असतो, हे मला त्या फटीमुळेच कळलं.

पहिला उपाय घरातलाच. पडद्याच्या पाठीला मोल्सवर्थचा कोश उभा केला. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या फौजेतला माणूस. त्याचा कोश 1831 सालचा. फौजेतला असल्यामुळे उभं राहणं त्याच्या रक्तातच असावं, कारण पडदा इंचभरही हलेना. अडचण वेगळीच निघाली. लेखकमंडळी जुने शब्द वापरतात आणि ते तपासायला तोच कोश लागतो. कोश काढला की पडदा मागे कलंडायचा. त्यामुळे त्या आठवड्यात ज्यांनी जे शब्द ज्या अर्थाने लिहिले ते मी विनातक्रार मान्य केले. एका संपादकांनी फोन करून ‘यंदा तुमच्या शंका कमी आल्या, लेखकांचा दर्जा सुधारलाय म्हणायचा’ असं समाधान व्यक्त केलं.

मग मतं आली. ह्यांचं मत फेविक्विक. समोरच्या काकूंचं मत एम-सील, त्यांच्या टाकीची गळती त्यानेच थांबली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी फेविक्विकवर खायचा सोडा भुरभुरवायला सांगितला आणि ‘दगड होतो, दगड!’ अशी ग्वाही दिली. हे खरं आहे. सोडा पडला की तो गोंद क्षणात कडक होतो. पण केबलच्या शेजारी दगड हवाय कुणाला? सासूबाईंचं मत होतं की खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडावेत, कारण त्यांच्या कुडाळच्या घरी दारं कुरकुरली की तेच करत. तेल निदान बिजागरीला तरी ओळखून होतं. बाकी सगळे फटीच्या मागे लागले होते.

ह्यांचा स्वभाव मुळात अर्ज करणाऱ्याचा. ‘सरकारने 2022 साली राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलंय. शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं, सगळ्यांसाठी,’ असं सांगून त्यांनी कंपनीचा क्रमांक शोधला आणि स्पीकरवर लावला. पलीकडच्या मुलीने मॉडेल क्रमांक विचारला. तो खालच्या लेबलवर होता आणि माझ्या मांडीच्या घर्षणाने बऱ्यापैकी पुसला गेला होता. उरलेल्या आकड्यांवरून तिने शोध घेतला आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाली, “सर, त्यांचं आयुष्य संपलेलं आहे. आमच्याकडून काही होऊ शकणार नाही.”

सासूबाई आतून धावत आल्या. “कुणाचं गं?”

त्यांना समजावण्यात चहा उतू गेला.

त्याच दिवशी आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या बसवायला मिस्त्री आले होते. कानावर पेन्सिल, खिशात टेप. टेबलावरचा मोल्सवर्थ आणि त्याला टेकलेला पडदा बघून त्यांना राहवेना. त्यांनी कोश बाजूला केला, फट बोटाने थोडी फाकवली, आत एक डोळा लावला आणि म्हणाले, “वहिनी, बिजागरी एक नंबर आहे. लाकूड गेलंय.”

“मिस्त्री, प्लास्टिक आहे ते.”

“तेच. स्क्रू धरणार कशाला? आता फेविकॉल ओता नायतर काय पण ओता. आरपार नट-बोल्ट मारायचा. पुढचा विषय नाय.”

एवढं बोलून ते ट्रॉलीकडे वळले. मला मात्र ही सूचना ऐकून घाम फुटला. लॅपटॉपला आरपार भोकं पाडायची म्हणजे काय! मी शहाण्या माणसाचा सल्ला घ्यायचं ठरवलं आणि लॅमिंग्टन रोड गाठायचं पक्कं केलं. लॉर्ड लॅमिंग्टन हे 1903 ते 1907 मुंबईचे गव्हर्नर. रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकरांचं नाव देऊन जमाना झाला, पण मदरबोर्डवाल्यांनी ते अजून मनावर घेतलेलं नाही.

लॅपटॉप मिटला तर प्लास्टिक आणखी तुटणार, म्हणून तो अर्धवट उघडा, त्या स्थितीत जुन्या सुती साडीत गुंडाळून छातीशी धरला. डोंबिवली ते दादर फास्ट, पूल ओलांडून पश्चिमेची स्लो, ग्रँट रोड. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर असं गाठोडं घेऊन बसलं की चौकशी होतेच. एकीने ‘बाजाची पेटी का हो?’ विचारलं. लॅपटॉप आहे म्हटल्यावर डब्यात तीन पक्ष पडले: एक फेविक्विकचा, एक ‘नवा घ्या’चा आणि तिसरा म्हणजे खिडकीजवळच्या एक आजी. त्यांनी खोबरेल सुचवलं. सासूबाईंना हे मी अजून सांगितलेलं नाही.

पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात साताऱ्याकडचा एक मुलगा बसला होता. वय लेकीएवढं, हात घड्याळजीचे. त्याने आधी बॅटरीची वायर काढली, मग स्क्रू एकेक काढून चिकटपट्टीवर ओळीने लावत गेला. “ए पॅनल गेला मॅडम,” म्हणाला. मला त्याने बाराखडी समजावली: पाठ म्हणजे ए, पडद्याभोवतीची चौकट बी, कीबोर्डचा भाग सी, तळ डी. ए पॅनल बदलला की काम झालं. फक्त या मॉडेलचा ए पॅनल आता येत नाही.

पडदा उतरवल्यावर त्याने चिमट्याने एक वस्तू उचलून माझ्या तळहातावर ठेवली. ज्वारीच्या दाण्याएवढा पितळी नट. त्याच्याभोवती काळ्या प्लास्टिकचं कडं तसंच चिकटलेलं, कडा फुटलेल्या. हे नट कारखान्यात गरम करून प्लास्टिकच्या खुंट्यांमध्ये दाबून बसवलेले असतात आणि त्यांच्यात बिजागरीचे स्क्रू फिरतात. बिजागरी पोलादी. तिच्या दांड्यावर चकत्या एकमेकींवर घट्ट दाबून बसवलेल्या असतात. त्यांच्या घर्षणामुळेच पडदा आपण सोडू त्या कोनात थांबतो. वर्षं जातात, आतलं ग्रीस सुकतं, चकत्या आवळतात. आपण पडदा ओढतो, बिजागरी वळायला नकार देते आणि सगळा जोर जातो या चार दाण्यांवर. नट सुटला नव्हता, स्क्रूही सुटला नव्हता. दोघं एकमेकांना धरून होते. त्यांना धरणारी खुंटी मुळासकट उपटली होती. म्हणजे लाकूडच गेलं होतं.

“अराल्डाइट भरून देतो,” मुलगा म्हणाला. “दोन-तीन महिने चालेल.”

मी घसा साफ करून मिस्त्रींचं मत मांडलं. अर्थात मिस्त्रींचं नाव न घेता.

त्याचा चेहरा पडला. “मॅडम, लॅपटॉपला भोकं?” त्या स्वरात कुणी देवळात चपला घालून शिरल्यावर होते तशी वेदना होती. मी गप्प बसले. तो पितळी नट बोटात फिरवत राहिला. मग शेजारच्या गाळ्यातून कुणाला तरी बोलावलं, त्याने बघितलं, तिसऱ्याला बोलावलं. तिघांनी ए पॅनल उजेडात धरला. शेवटी तिसरा म्हणाला, “मार ना. मजबूत होईल.”

पण मुलाने केलं ते मिस्त्रींच्या पुढचं होतं. त्याने आधी बिजागरीच्या टोकाचा नट पान्याने किंचित सैल केला. “हे नाय केलं तर बोल्ट पण पॅनल फाडून बाहेर येईल.” इतकी मतं ऐकली, पण बिजागरी आवळलीय म्हणून सगळं तुटलं, तेव्हा आधी तिला ढिली करा, हे एकानेही सांगितलं नव्हतं. खोबरेलवाल्या दोघी त्यातल्या त्यात जवळ पोचल्या होत्या. मग बारीक ड्रिल, चपट्या डोक्याचे आखूड बोल्ट, लांबी अशी की आतून पडद्याला टोचू नयेत. आजूबाजूला थोडं अराल्डाइट त्याने भरलंच. स्वतःचा शब्दही राहिला पाहिजे ना.

काम चाललेलं असताना मोबाईलवर वाचलं, की पडदा कीबोर्डवर मिटण्याची कल्पना बाजारात आणली ती 1982 च्या ग्रिड कंपास या यंत्राने. रचना बिल मॉगरिज या इंग्रज डिझायनरची, किंमत आठ हजार डॉलरच्या वर, अंग मॅग्नेशियमचं. नासाने ते स्पेस शटलमधून अंतराळातही नेलं. तिथे पडद्याला वजन नसतं, म्हणजे बिजागरीला सुटीच. आणि मॅग्नेशियमचं अंग असल्यावर लाकूड जायचा प्रश्नही नाही. आमच्या लॅपटॉपने यातलं काही पाहिलं नाही. त्याच्या वाट्याला डोंबिवलीची दमट हवा आणि दिवाळी अंकांतल्या दीर्घकथा आल्या.

लॅपटॉप परत आला तो मिटून, पर्समध्ये. पाठीवर कंपनीच्या चिन्हाशेजारी चार चकचकीत बोल्ट. लेक म्हणाली, “आई, मीटिंगला कॅमेऱ्यासमोर हा उलटा धरू नकोस.” सासूबाईंना ते आवडले, चांदीचे वाटतात म्हणे. मोल्सवर्थ कपाटात गेला आणि माझ्या शंका पूर्ववत सुरू झाल्या. संपादकांचा आवाज त्या दिवसापासून थोडा उतरला आहे.

दोन दिवसांनी मिस्त्री ट्रॉलीच्या उरलेल्या पैशांसाठी आले. लॅपटॉप त्यांनी माझ्या परवानगीशिवाय उचलला, पाठ उजेडात तिरकी धरली, अंगठ्याने एकेक बोल्ट चाचपला.

“बोल्ट बरा आहे. वायसर नाय टाकला. कुणी केलं?”

“लॅमिंग्टन रोडला.”

“किती घेतले?”

“सातशे.”

त्यांनी दीर्घ श्वास घेतला. मग डावीकडचा कोपरा दोन बोटांत धरून हलकेच दाबला आणि कान जवळ नेला. “ही बाजू पण बोलायला लागलीय वहिनी. मशीन खालीच आहे स्कूटरवर, दोन मिनिटांत मारून देतो. ट्रॉलीत धरू.”

ते ड्रिल आणायला जिना उतरत होते, तोवर मी लॅपटॉप उचलून बेडरूममध्ये नेला आणि आतून कडी लावली. बाहेरून सासूबाईंचा आवाज येत होता: “येऊ दे की त्यांना, माणूस दारापर्यंत आलाय तर!”