धर जरा

मोटारीच्या इंजिनाविषयी मला जे काही कळतं ते मी हात वर करून, उभ्यानं शिकलो. शाळेत ही शिक्षा होती; घरी हिला मदत म्हणत.

अण्णांनी १९९४ साली जुनी मारुती ८०० घेतली तेव्हा तिच्याबरोबर स्टेपनी आली, जॅक आला, मागच्या काचेवरचा देवाचा स्टिकर आला. आली नाही ती फक्त बॉनेटला टेकू द्यायची दांडी. ती आडवी निजवून ठेवायची प्लॅस्टिकची खाच जागेवर होती. दांडी आधीच्या मालकानं कशाला वापरली कोण जाणे. रविवारी सकाळी अण्णा बॉनेट उचलायचे आणि मान न वळवता म्हणायचे, "धर जरा." हे 'जरा' साधारण पाऊण तासाचं असायचं.

त्या ७९६ सीसीच्या, तीन सिलिंडरच्या इंजिनासमोर मी जितका उभा राहिलो तितका देवासमोरही राहिलो नसेन. पण बघायचो ते काखेखालून. त्यामुळे कार्बुरेटर म्हटलं की मला आजही आधी अण्णांचं टक्कल दिसतं आणि मग त्याच्या पलीकडे कार्बुरेटर.

बॉनेटचं वजन ही चमत्कारिक गोष्ट आहे. पहिल्या मिनिटाला ते पत्र्याचं असतं, पाचव्या मिनिटाला लोखंडाचं होतं आणि दहाव्याला त्यावर कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटतं. उजवा हात भरून आला की डावा, डावा भरून आला की दोन्ही, आणि शेवटी मी डोकं वापरायचो. म्हणजे अक्षरशः डोकं. आईनं एकदा ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि काही न बोलता जुन्या फडक्याची चुंबळ वळून आणून दिली. नवी दांडी आणा, असं तिनं अण्णांना का नाही सांगितलं, हा प्रश्न मला बऱ्याच उशिरा पडला. सांगितलं असतं तरी उत्तर ठरलेलं होतं: "धडधाकट पोरगा घरात असताना?"

त्याआधी बॉनेट म्हणजे माझ्या लेखी एसटीचं. जुन्या एसटीत ते ड्रायव्हरच्या शेजारी, गाडीच्या आतच असायचं, वर रेक्झिनची गादी. गर्दीच्या दिवसांत त्यावर बसायला मिळालं की समोरची सगळी काच आपली आणि खालून पुण्यापर्यंत फुकटची ऊब. बॉनेटवर बसणारा माणूस बॉनेटखाली उभा राहिला, ही माझी बालपणातली मोठी घसरण.

दहावीच्या अभ्यासाच्या नावावर माझी सुटका झाली आणि माझ्या जागी धुणं वाळत घालायची काठी रुजू झाली. वेळूची, वर्षानुवर्षांच्या वापरानं गुळगुळीत झालेली. खालचं टोक अंगणातल्या फरशीवर तिरकं, वरचं बॉनेटच्या कडेखाली. काठीला दोष देण्यात अर्थ नाही. उंच दोरीवर लुगडं पोचवायचं हे तिचं काम. वजन पेलण्याची तिला कधी कुणी सवय लावली नव्हती. अण्णांनी पाना जोरात ओढला, गाडी डुलली, काठी फरशीवरून सटकली आणि बॉनेट त्यांच्या पाठीवर आलं. कमरेपासून वरचे अण्णा गाडीत आणि खालचे अंगणात, अशा अवस्थेत आतून आवाज आला, "तू असतास तर पडलं नसतं."

त्यांनी माझं केलेलं एवढं मोठं कौतुक मला दुसरं आठवत नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीला दांडी आहे आणि मी तिच्याकडे आदरानं बघतो. करंगळीहून बारीक सळई. एक टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं, दुसरं हुकासारखं वाकवलेलं, मधे तापल्यावर हात भाजू नये म्हणून काळी मूठ. एवढ्याशा सळईवर तो अख्खा पत्रा. खरी फसगत भोकांची होते. वजन कमी व्हावं म्हणून बॉनेटच्या आतल्या सांगाड्याला जागोजागी भोकं पाडलेली असतात, आणि त्यांतलं दांडीचं असं एकच असतं: एकीकडे रुंद, दुसरीकडे अरुंद, म्हणजे हूक आत जाऊन सरकला की अडकतो. बाकीच्या भोकांत दांडी टेकते, बसत नाही. पाहुण्याला "टेका जरा" म्हटलं की तो बसतो थोडाच, उठायच्या तयारीत असतो. तसंच हे. म्हणून हूक अडकवल्यावर बॉनेट धरून एकदा हलवून बघावं. हलवून खुंटा बळकट करणं आपण नेहमी टोचून बोलण्यासाठी वापरतो. गाडीपुरतं बोलायचं तर त्यात टोचण्यासारखं काही नाही.

आमच्या शेजाऱ्यांनी तर दांडी काढायलाच विसरून बॉनेट दाबलं. मिटेना म्हणून आणखी दाबलं. त्या गाडीच्या कपाळावरचं टेंगूळ ती विकली जाईपर्यंत तसंच होतं. खरं तर बॉनेट दाबून मिटवायचंच नसतं. दांडी तिच्या खाचेत ठेवावी, बॉनेट फूटभर उंचीवर आणावं आणि सोडून द्यावं. आपल्या वजनानं ते बरोबर लागतं.

पण दांडी व्यवस्थित अडकवून, हलवून, सगळं करूनही मी एकदा फसलो, ते चाळकेवाडीच्या पठारावर. साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे गेलं की हे पठार लागतं. पवनचक्क्या दिसतात त्या काही शोभेसाठी उभ्या केलेल्या नाहीत, एवढं तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. काचेवर मारायचं पाणी संपलं होतं म्हणून मी गाडी थांबवली, आणि देखावा दिसावा म्हणून नाक थेट वाऱ्याकडे करून उभी केली. बॉनेट उघडलं, दांडी लावली, बाटली आणायला मागे वळलो. वारा त्या उघड्या जबड्यात शिरला. बॉनेट आणखी वर उचललं गेलं, हूक आपोआप बाहेर आला, दांडी निमूटपणे आडवी झाली. बॉनेट क्षणभर हवेत विचार करत राहिलं आणि मग असं आदळलं की पठारावरचे बगळे उडाले. माझे हात तिथे नव्हते, ही पुण्याई कुणाची ते माहीत नाही. बहुधा बाटलीची.

शेजारी कणसं भाजणारा बाबा मान न उचलता म्हणाला, "सायेब, वाऱ्याकडं पाठ करायची असती. जनावरं बघा की."

बघितलं. उतारावर चरणाऱ्या सगळ्या म्हशी वाऱ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. बिजागऱ्या काचेपाशी असलेल्या बॉनेटचंही तेच. मागून आलेला वारा त्याला दांडीवर दाबतो, आणि दाब सोसायला तर दांडी जन्मलेली असते. समोरून आलेला वारा ते उचलतो. वरून आलेलं ओझं ती पेलते. कुणी ओझंच काढून घेतलं की बिचारीला काय करावं ते सुचत नाही. निवृत्तीनंतरचे अण्णा मला त्या पठारावर एकदम आठवले.

मोठ्या गाड्यांत ही भानगड नसते. माझ्या मेहुण्याच्या गाडीचं बॉनेट बोट लावलं की आपण होऊन वर जातं, दोन बाजूंना दोन काळी नळकांडी. गॅरेजात त्यांना शॉकअप म्हणतात. आत दाबून भरलेला नायट्रोजन असतो. मेहुण्यानं हे मला इतक्यांदा उघडून दाखवलंय की नायट्रोजन त्याच्या माहेरचा असावा. पण सील झिजतं, वायू हळूहळू निसटत राहतो, आणि थंडीत तर त्याचा जोर आणखी कमी होतो. दांडी पडते ती धाडकन, आवाज करून. शॉकअपचं तसं नाही. लग्नात पहिल्या रांगेत बसलेल्या आजोबांना पेंग यावी तसं बॉनेट इंच इंच खाली येतं आणि आपण ऑइलची पट्टी पुसण्यात गुंग असतो. माझ्या गाडीच्या मिस्त्रीचा उपाय साधा: प्लॅस्टिकचा पाइप शॉकअपच्या चकचकीत दांड्याच्या मापानं कापायचा, लांबीत एक चीर द्यायची आणि बॉनेट वर असताना दांड्यावर चढवायचा. नळकांडं मिटायलाच जागा राहत नाही. पकडीनं दांडा आवळून ठेवणाऱ्यांवर मिस्त्रीचा राग आहे. "ओरखडा पडला की तो सील खातो. आजचं भागतं, उद्याचं जातं."

बॉनेट किती उघडावं, यावर मात्र जर्मनांनी मनापासून विचार केलेला दिसतो. १९९५ मध्ये पुण्यात मर्सिडीज बनू लागली. ते डब्ल्यू १२४ मॉडेल, आणि त्याचं बॉनेट थेट नव्वद अंशात उभं राहायचं. मिस्त्रीनं उमेदवारीच्या काळात तसं एक पाहिलंय. अजूनही तो त्याबद्दल बोलतो ते हळू आवाजात. "दोन्ही बाजूंनी उजेड. मान सरळ. असं वाटायचं, गाडीच म्हणतीय, घे, बघ काय बघायचं ते."

गेल्या महिन्यात माझ्या गाडीचं इंजिन उतरवायची वेळ आली. तिथे दांडी, शॉकअप, पाइप काही उपयोगाचं नसतं; बॉनेटच काढून बाजूला ठेवावं लागतं. मिस्त्रीनं आधी बिजागऱ्यांभोवती मार्करनं रेघा मारल्या, परत बसवताना फट वाकडी येऊ नये म्हणून. काचेवर पाणी नेणारी बारीक नळी उपसली. मग दहा-बाराचे पाने घेतले आणि इकडे तिकडे पाहिलं. बोल्ट सुटले की एका बाजूला एक असा माणूस लागतो, आणि हाताखालचा पोरगा चहा सांगायला गेलेला.

"साहेब," मिस्त्री मान आत घालून म्हणाला, "धरा जरा."

मी फोन खिशात टाकला आणि हात वर केले. दुसरा बोल्ट गंजलेला निघाला. समोर मिस्त्रीचं टक्कल, त्याच्या पलीकडे इंजिन. पोरगा चहा घेऊन आला आणि मला तशा अवस्थेत पाहून ग्लास कुठे ठेवावा या विचारात पडला. दहाव्या मिनिटाला मी डोकं लावलं. चुंबळ नव्हती.