आमचा कॉम्प्युटर परस्पर चालवणाऱ्या साहेबांस

माननीय टेक सपोर्टवाले साहेब,



आमच्या नेरूळच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांच्या कॉम्प्युटरची आपण परवा भर दुपारी, न बोलावता काळजी वाहिलीत, त्याबद्दल सोसायटी आपली ऋणी आहे. काका तर शब्दशः ऋणी झाले. मुदत ठेव मोडली.

आमच्या गेटवर सख्ख्या मेहुण्यालासुद्धा वहीत नाव, गाडीचा नंबर आणि वेळ लिहिल्याशिवाय वॉचमन आत सोडत नाही. आपण मात्र दुरून कॉम्प्युटर चालवू देणारं एनीडेस्क ॲप उतरवून घ्यायला लावलंत, पडद्यावर आलेला आकडी कोड गोड आवाजात विचारलात आणि थेट तिजोरीपाशी पोहोचलात. कडी मालकाकडूनच काढून घ्यायची, ही कला थोरच.

आपलं रोगनिदान तर धन्वंतरीनेही शिकावं असं. विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडून लाल खुणा आणि पिवळे त्रिकोण दाखवायचे आणि म्हणायचं, 'काका, हॅकर आत शिरलाय.' ठणठणीत विंडोजमध्येही असल्या नोंदी ढिगाने असतात, हे सांगायला आपल्याला सवड होत नसावी. मग कमांडच्या काळ्या खिडकीत 'ट्री' टाइप करून फोल्डरांची नुसती यादी पळवायची आणि तिला 'स्कॅन' म्हणायचं. शेवटी ८८८ ने सुरू होणारा लांबलचक नंबर वाचून दाखवायचा, की हा फक्त तुमच्याच मशीनचा गुप्त क्रमांक! तो जगातल्या जवळजवळ प्रत्येक विंडोजवर तोच असतो. पत्रिका एकच आणि दक्षिणा घराघरातून.

पुढे पडदा काळा होतो. 'दुरुस्ती चालू आहे, हात लावू नका.' दुरुस्ती बँकेच्या खात्याची चालू असते. मोबाइलवरही तेच ॲप असलं, तर ओटीपी विचारण्याचे कष्टसुद्धा आपण घेत नाही, स्वतःच वाचता.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. महापे आणि ऐरोलीत हजारो मुलं रात्रपाळीला हेच काम सचोटीने करतात. दूरच्या माणसाचा पडदा त्याच्या परवानगीने उघडतात, बिघाड काढतात आणि पहाटेच्या लोकलने घरी जातात. आपण त्यांचा आवाज, त्यांची अदब, 'सर, होल्ड करता का'सुद्धा उचललंत. उद्या खरा मदतनीस बोलला, तर काका त्याच्यावरही खेकसणार. या मुलांची पत आपण मोडलीत, आणि ती कुठल्याही बँकेत पुन्हा ठेवता येत नाही.

आपलं घराणं मात्र मोठं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला धाड घातली, तेव्हा अमेरिकेचे करअधिकारी बनून तिथल्या लोकांना धमकावणारी ७०० हून अधिक मंडळी एका रात्रीत सापडली. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या या वापराबद्दल बँकांना सावध केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यात टेक सपोर्टचं सोंग घेऊन परदेशी ग्राहकांना लुबाडणारेही होते. एवढी सरकारी दखल आमच्या पाणीटंचाईलाही मिळत नाही.

आपण फोन ठेवू का देत नाही, तेही कळलं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं; कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून आपली मायाळू बडबड दोन-दोन तास लांबते.

तेव्हा सोसायटीने ठरवलंय. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून फोन करत नाही आणि तिच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. नंबर दिसला की तो आपलाच समजायचा. गूगलवर सापडलेल्या 'कस्टमर केअर'लाही तोच न्याय. कोणी आत आलंच, तर आधी वायफायचं बटण बंद, मग दुसऱ्या फोनवरून बँक आणि सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तुरुंगात तीन वर्षांपर्यंत आपली सोय आहे. तिथे रिमोट बाहेरच्या माणसाच्या हाती असतो; अनुभव घेऊन पाहावा.

आपला, पण आपल्या ताब्यात नसलेला,
एक नेरूळकर