रिलोडभाऊ

दारव्ह्यातल्या कृषी केंद्रात काय मिळावं? बियाण्याच्या बॅगा, फवारणीचं औषध, त्याबरोबर फुकटचा सल्ला आणि युरिया मागितला की "गाडीच आली नाही." भाऊंच्या दुकानात हे सगळं मिळतंच, वरून काउंटरमागून धडाधड गोळीबार ऐकू येतो. नवं गिऱ्हाईक दचकून पायरीवर थबकतं. जुनं गिऱ्हाईक निवांत बाकावर टेकतं आणि विचारतं, "जहाजावर पोचले का, भाऊ?"

भाऊ पन्नाशी ओलांडलेले, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. मुंगीच्या रांगेवरून पाय उचलून टाकणारे. आणि गेली पंचवीसेक वर्षं 'व्हर्चुआ कॉप टू' हा एकच व्हिडिओ गेम खेळणारे. असा एकेक जण आपल्याकडच्या प्रत्येक गावात असतो. पुसदला कुणी अजून 'डेव्ह'ला उड्या मारायला लावतो, वणीत कुणी 'रोडरॅश'मध्ये शेजारच्या गाडीवाल्याला लाथा घालतो, आणि सरकारी कचेरीत पत्त्यांचा डाव लावून बसलेले साहेब तर मोजायलाच नकोत. जग कुठच्या कुठं गेलं, ही माणसं आपल्या पहिल्या गेमशी लग्न लावून बसलेली. भाऊ त्यातले सगळ्यात एकनिष्ठ.

दुकानाचं बिल कॉम्प्युटरवर काढायचं म्हणून त्यांनी मशीन आणलं, तेव्हा लावून देणाऱ्या पोरानं ढीगभर गेम भरलेली एक सीडीही त्यात घालून दिली. त्या काळी ती मशीनबरोबर यायचीच, चहाबरोबर बशी येते तशी. बिलाचं सॉफ्टवेअर भाऊंनी यथावकाश सोडलं आणि वहीवर परत आले. मशीन मात्र राहिलं.

गेम सेगा या जपानी कंपनीचा. पहिला 'व्हर्चुआ कॉप' १९९४ सालचा, दुसरा १९९५ चा, आधी नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवर आणि मग घरच्या कॉम्प्युटरवर. यात खेळणाऱ्यानं चालायचं नसतं की वळायचं नसतं. सराफी दुकानावर दरोडा पडतो, पडदा आपला आपण पुढं सरकतो, कोपऱ्यावर वळतो, गाडीच्या मागं धावतो. आपण फक्त नेम धरायचा. खिडकीतून, खोक्यामागून गुंड निघतो, त्याच्यावर गोल रिंगण येतं. हिरवं असलं तर उसंत आहे, पिवळं झालं तर घाई करा, लाल झालं की त्याची गोळी सुटलीच. पिस्तुलात सहा गोळ्या. संपल्या की माऊसचं उजवं बटण. पहिला टप्पा रस्त्यावर, दुसरा जहाजावर महापौर सोडवायला, तिसरा भुयारी रेल्वेत.

एवढंच. आणि एवढंच असण्यात भाऊंचा जीव आहे.

"यात हुशारी काय आहे?" असं एकदा इंजिनियर भाच्यानं विचारलं. भाऊंनी त्याच्याकडं न बघता उत्तर दिलं, "थो पाय, आता त्या खिडकीतून डोकं काढते." डोकं निघालं. भाऊंनी उडवलं. "पंचवीस वर्सं झाले, तो तिथूनच निंघते. मले सांग, तुया त्या शहरात असा भरवशाचा माणूस हाय का एक?"

भाचा हसला, मला मात्र त्यात दुकानदाराचं आख्खं दुखणं दिसलं. मृग कोरडा जातो, दुबार पेरणी लागते. पराटीवर बोंडअळी कधी उतरेल सांगता येत नाही आणि कापसाचा भाव नेमका आपली गाडी लागल्यावर पडतो. उधारीवर गेलेली बॅग दिवाळीला परत येईल की पुढच्या जूनला नवी उधारी मागायला येईल, हे पांडुरंगाला ठाऊक. अशा धंद्यातल्या माणसाला, ठरल्या जागी ठरल्या वेळी येणारा गुंड नातेवाइकासारखा वाटला तर नवल काय?

शिवाय भाऊ शकुंतलेच्या खिडकीत वाढलेले. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी ती छोट्या रुळांची गाडी, ब्रिटिश कंपनीच्या मालकीची. खिडकीत बसायचं, वळणं गाडीनं घ्यायची, आपण फक्त बघायचं. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये काढून डिझेलचं लावलं, पुढं गाडीच थांबली. पहिला 'व्हर्चुआ कॉप'ही १९९४ चाच, हे मी भाऊंना सांगितलं तेव्हा त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. "मंग? इकडचं इंजिन काढलं, तिकडं लावलं."

खेळायचे विधी ठरलेले आहेत. मृगापासून पेरण्या आटपेपर्यंत मशीनवर कापड. गर्दीच्या हंगामात गोळी चालवणं भाऊ अधर्म समजतात. कापड निघतं तान्ह्या पोळ्याला. गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत बोजारा मागायला येतात, भाऊ त्यांना पैसे देतात आणि वर एकेक डाव. त्याआधी मॉनिटर पुसायचा, उदबत्ती फिरवायची. मग माऊस उलटा करून आतली गोळी काढायची आणि चाकांवर साचलेला मळ नखानं खरवडायचा. हो, गोळीवाला माऊस. लाल दिव्याच्या माऊसला भाऊ 'हलका' म्हणतात. पॅड म्हणून बियाणं कंपनीच्या जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा, त्यावरच्या कापसाच्या बोंडावर माऊस ठेवून श्रीगणेशा.

माळकरी माणसानं दिवसाला एवढे मुडदे पाडणं बरं का, हा प्रश्न कीर्तनकार महाराजांनी एकदा काढलाच. भाऊंकडं उत्तर तयार होतं. या गेममध्ये गुंडाच्या हातावर नेमकी गोळी बसली तर नुसतं हत्यार गळून पडतं, माणूस वाचतो, आणि गुण उलट जास्त. याला 'जस्टिस शॉट' म्हणतात. "मी मारत नाही महाराज, नुसतं पिस्तूल पाडतो." महाराजांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "तो जाडा तर मेला न?" "तो बॉस हाय," भाऊ म्हणाले. "बॉसचा विषय वेगळा."

गेममध्ये अधूनमधून साधी माणसं हात वर करून समोर येतात. त्यांना गोळी लागली की आपलाच एक जीव जातो. पोरांपैकी कुणी असा निरपराध टिपला तर भाऊ त्याला पडद्यासमोर हात जोडायला लावतात. दुकानातही हाच कायदा. एखादा शेतकरी पायरीवरच हात जोडून उभा राहिला की भाऊ उधारीची वही उघडत नाहीत. "होस्टेज हाय," एवढं पुटपुटतात आणि बॅग काढून देतात. यावर वहिनींचं मत निराळं आहे. "याच होस्टेजायनं दुकान बसवलं," त्या म्हणतात. लोडशेडिंगच्या वर्षांत घरात इन्व्हर्टर आला तेव्हा तो आपल्या मिक्सरसाठी आला असं त्यांना बरेच महिने वाटत होतं, हेही इथं नोंदवायला हवं.

'रिलोड' हा शब्द भाऊंनी गेममधून उचलला आणि प्रपंचात सोडला. चहाचा कप पुढं सरकवून "रिलोड." समईत तेल कमी झालं, "रिलोड." एका लग्नाच्या पंगतीत वरणवाल्याला त्यांनी खणखणीत आवाजात "रिलोड!" म्हटलं, तेव्हा वधूपक्षाला हा वराकडचा मानापमानाचा प्रकार वाटून दोन वडीलधारे धावत आले होते. गावानं त्यांना ते नावच देऊन टाकलं.

या कीर्तीला डाग लागला तो नागपुरात. एका मॉलमध्ये भाच्यानं त्यांना खऱ्या मशीनपुढं उभं केलं, हातात प्लास्टिकचं पिस्तूल. गेम त्याच सेगाचा, 'हाउस ऑफ द डेड'. सहा गोळ्या झाल्यावर तिथं पिस्तूल पडद्याबाहेर धरून घोडा दाबावा लागतो. भाऊ पिस्तुलाच्या उजव्या अंगाला बटण शोधत राहिले, तोवर प्रेतांनी त्यांना खाल्लं. बाहेर येऊन म्हणाले, "त्यात माणूसच नाही एक. कोणाचं पिस्तूल पाडावं?"

भाच्यानं समजूत घातली. म्हणाला, तुमच्या गेमचा मान मोठा आहे. १९९७ सालचा 'गोल्डनआय' हा जगभर गाजलेला बंदुकीचा गेम आधी असाच आपोआप पुढं सरकणारा करायचं ठरलं होतं, 'व्हर्चुआ कॉप' बघूनच. मग त्यांनी खेळणाऱ्याला हवं तिकडं फिरायला मोकळं सोडलं.

"कायले सोडलं बे?" भाऊ खरोखर कळवळले. "लोकं भटकले असतीन न."

तसा फाटा भाऊंच्या गेममध्येही आहे. मध्येच डावीकडं जायचं की उजवीकडं, असं विचारतात. भाऊ आजवर डावीकडंच गेलेत. तान्ह्या पोळ्याला एका पोरानं चुकून उजवा बाण उडवला, तर भाऊंनी मशीनचं बटणच बंद केलं आणि पोराला बोजारा दुप्पट देऊन घरी पाठवलं. परवा भाच्यानं मोबाइलवर कुणीतरी खेळून दाखवलेला आख्खा गेम लावला. उजवा रस्ता लागायच्या बेतात होता, तेवढ्यात भाऊंनी मोबाइल हिसकून काउंटरवर पालथा घातला.

"दाखवू नको. दुकान पोराच्या हाती दिल्यावर म्या का करू मंग?"